लेबल हरवलेलं जंगल

आमच्या कळव्याच्या घरी दिवाणाच्या खणांत गाद्या-पांघरुणं नाहीत, दगड आहेत. राखाडी, पिवळट, काळे, तांबूस. काही तळहाताएवढे, काही उचलायला दोन्ही हात लागतील असे. बहुतेकांवर पान आहे, नाहीतर खोडाचा तुकडा, नाहीतर बी. सगळ्यांत जुन्या दगडावरचं पान २५ कोटी वर्षांपेक्षा जास्त जुनं आहे. ठाण्याच्या काळ्या कातळात असलं काही मिळत नाही, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे आणलंत कुठून?" आणि त्यातल्या बऱ्याच दगडांबद्दल हाच प्रश्न मलाही पडलेला आहे.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बॉटनीच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. प्रॅक्टिकलच्या आधी ट्रे लावायचे, सॅफ्रनिनचा रंग बनवायचा, लेन्सा पुसायच्या, स्लाइडी मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. शेवटच्या वर्षाला पॅलिओबॉटनीचा, म्हणजे वनस्पतींच्या फॉसिलांचा (जीवाश्मांचा) भाग असायचा: ऱ्हायनिया, लायजिनॉप्टेरिस, पेंटॉक्सिलॉन, ग्लॉसोप्टेरिस. मुलांना तो कंटाळवाणा वाटायचा, कारण नावं लांबलचक आणि समोर फक्त दगड. मला मात्र त्या कपाटाचा लळा लागला. आमचे जुने विभागप्रमुख सर दर वर्षी मुलांना सहलीला न्यायचे, नागपूर, छिंदवाडा, जबलपूर अशा भागांत, आणि येताना गोणपाटात दगड घेऊन यायचे. मग संध्याकाळी लॅबमध्ये बसून ते एकेक दगड ब्रशने साफ करायचे, त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचे आणि ठिपक्यावर काळ्या शाईने नंबर घालायचे. त्या नंबराची चिठ्ठी खोक्यात, आणि तोच नंबर एका लांब वहीत. मी शेजारी बसून चिठ्ठ्या लिहायचो. माझं या विषयातलं शिक्षण ते एवढंच.

पुढे कॉलेजची इमारत नव्याने बांधायची ठरली आणि विभागाचं सामान हलवायची वेळ आली. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये हा सगळा संग्रह एका ओळीत होता: ‘दगड नमुने, १ कपाट’. नव्या जागेत त्याला जागा नव्हती, अभ्यासक्रमातूनही तो भाग आकसला होता. यादी राइट-ऑफ झाली. भंगारवाल्याने लोखंडी कपाट उचललं आणि खणांतला ऐवज व्हरांड्यात ओतून दिला. मी विभागप्रमुख मॅडमकडे लेखी अर्ज केला, त्यांनी प्राचार्यांची सही मिळवून दिली, आणि एका टेम्पोत बसून ते जंगल कळव्याला आलं.

दगड जवळपास सगळे शाबूत आहेत. गेलं ते लिहिलेलं. पुठ्ठ्याची खोकी फुटली, चिठ्ठ्या एकमेकींत मिसळल्या, काही ओल्या होऊन लगदा झाल्या, आणि ती लांब वही कुठे गेली हे कोणालाच सांगता येत नाही. नंबराचे ठिपके निम्म्याअधिक दगडांवर अजून आहेत, पण वहीशिवाय नंबराचा उपयोग काय? मला याचं किती वाईट वाटतं हे सांगताना लोक समजूत घालतात की अहो, फॉसिल तर वाचलं ना. वाचलं, पण अर्धं.

अर्धं का म्हणतो, ते ग्लॉसोप्टेरिसवरून सांगतो. याचं पान ओळखायला सोपं आहे. लांबट, टोकाकडे निमुळतं, मधोमध ठळक शीर आणि तिच्यापासून कडांकडे जाणाऱ्या बारीक शिरांची जाळी. ब्राँनियार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये त्याला हे नाव दिलं. नागपूरला राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठीच्या आसपासच्या खडकांतून अशी पानं गोळा करून इंग्लंडला पाठवली आणि १८६१ मध्ये बनबरी यांनी त्यांचं वर्णन छापलं. आपल्याकडे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे. हेच पान ऑस्ट्रेलियातही होतं, आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत सापडत गेलं. त्याच्या बिया काही महासागर ओलांडून जातील अशा नव्हत्या. मग एकच झाड इतक्या लांब लांब कसं उगवलं? हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, या विचाराला ज्या पुराव्यांनी बळ दिलं त्यांत हे पान अगदी पुढे आहे. आता असं समजा की नागपूरचा दगड, सिडनीकडचा दगड आणि आफ्रिकेतला दगड एकाच टेबलावर ठेवले आहेत आणि कुठला कुठून आला हे कोणी लिहिलेलंच नाही. पानं तीच, तितकीच सुंदर. खंड मात्र जोडता येणार नाहीत.

कॅप्टन स्कॉट यांची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगायचो. दक्षिण ध्रुवावरून परत येताना, फेब्रुवारी १९१२ मध्ये, बियर्डमोर हिमनदीच्या काठी माउंट बकलीपाशी ते थांबले आणि एडवर्ड विल्सन यांनी तिथल्या कड्यांतून दगड गोळा केले. माणसं थकलेली, अन्न तुटपुंजं, हिमदंशाने पाय गेलेले. तरी जवळजवळ १६ किलो दगड त्यांनी घसरगाडीवरून टाकून दिले नाहीत. मार्चअखेर ते तंबूत मरण पावले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला मृतदेह सापडले तेव्हा दगडही तिथेच होते. केंब्रिजच्या सीवर्ड यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलं की त्यांत ग्लॉसोप्टेरिस आहे. अंटार्क्टिकाही त्या जोडलेल्या भूमीचा भाग होता, हे त्यावरून दिसलं. या गोष्टीत लोकांना दगड ओढत नेण्याचं अप्रूप वाटतं, मला विल्सन यांच्या डायरीचं वाटतं. त्या अवस्थेतही त्या माणसाने कुठल्या कड्यात कुठला थर आहे आणि पानं कशात मिळाली हे लिहून ठेवलं. डायरी नसती तर ते दगड बर्फात कुठून उचलले हे कोणाला कळलं असतं?

हे झाड वाढलं तो काळ साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचा. आपला भूभाग तेव्हा दक्षिणेला खूप खाली होता आणि नुकताच एका मोठ्या हिमयुगातून बाहेर आला होता. चंद्रपूरजवळ इरई इथे त्या हिमनद्यांनी घासून ओरखडे काढलेला चुनखडक आहे. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने सोसलाय त्याने तिथे उभं राहून या गोष्टीचा विचार करावा. बर्फ हटल्यावर दलदली झाल्या, दलदलीत ही झाडं माजली, आणि त्यांचाच थरावर थर साचून कोळसा झाला. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जळतो तो हाच. कोळशाच्या वरखाली जो पापुद्रे सुटणारा राखाडी शेल (चिखलाचा झालेला दगड) असतो, त्यात पानं मिळतात. एकेका पापुद्र्यावर पानांवर पानं पडलेली असतात, इतकी दाट की एका पानाची कड कुठे संपते ते नीट बघावं लागतं. यावरून आणि खोडांतल्या वाढीच्या वलयांवरून अभ्यासक म्हणतात की ही झाडं दर वर्षी पानगळ करत असावीत. माझ्याकडच्या एका दगडावर अशी सात-आठ पानं एकाच दिशेला निजली आहेत, म्हणजे हलक्या वाहत्या पाण्यात ती स्थिरावली असणार. हा दगड मी कोणालाही हातात देतो. एवढ्या जुन्या जंगलातली एका ऋतूची पानगळ हातात धरायला मिळणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आणि ह्याच दगडाचा पत्ता परत मिळाला, तोही रद्दीमुळे. टेम्पोतून आणलेल्या काही दगडांना अजून जुन्या वर्तमानपत्राची गुंडाळी तशीच होती. सोडवून बघतो तर नागपूरचा ‘तरुण भारत’, तारीख १९७८ सालच्या डिसेंबरमधली. विभागाच्या सहलींचा एक जुना फोटोअल्बम मॅडमकडे होता. त्यात त्या हिवाळ्याचा फोटो, मागे पेन्सिलीने ‘उमरेड’. दगड तसाच, कोळशाची काळी पूड अजून चिकटलेली. खात्री शंभर टक्के नाही, म्हणून चिठ्ठीवर मी लिहिलं, ‘बहुधा उमरेड, जि. नागपूर, गुंडाळीच्या कागदावरून व सहलीच्या फोटोवरून अंदाज’. अंदाज आहे तर तो अंदाज आहे हेही लिहायलाच हवं. नंतर येणाऱ्याला आपला अंदाज खरा पत्ता वाटला, तर ती चिठ्ठी नसलेलीच बरी. तेव्हापासून मी गुंडाळीचा एकही कागद फेकलेला नाही.

बाकीच्यांना दगडाच्या जातीवरून घरी पोचवायचा प्रयत्न चालू आहे. पिसासारखी, बारीक पर्णिकांची पानं असलेले फिकट दगड राजमहाल टेकड्यांचे असावेत. त्यांवरचं पान टायलोफायलम, वय साधारण ११-१२ कोटी वर्षं. राजमहाल म्हणजे आताचं झारखंड. तिथे आमची सहल कधी गेली नाही, म्हणजे ते कोणीतरी भेट दिले किंवा विकत घेतले असणार. ज्यांच्यामुळे हा विषय भारतात उभा राहिला त्या बिरबल साहनींनी याच टेकड्यांतल्या वनस्पतींवर आयुष्यातली कितीतरी वर्षं दिली. पेंटॉक्सिलॉनचा गट त्यांनी १९४८ मध्ये मांडला. लखनौच्या त्यांच्या संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी नेहरूंच्या हस्ते बसली. त्या कोनशिलेतच फॉसिलं जडवलेली आहेत, आणि ती साहनींनीच तयार करून घेतली होती. त्यानंतर आठवड्याच्या आत ते गेले. त्यांचा फोटो आमच्या लॅबमध्ये होता. तो मॅडमनी नव्या लॅबमध्ये लावला, याचं मला समाधान आहे.

माझ्या सगळ्यांत जिव्हाळ्याचे दगड मात्र मोहगाव कलानचे. मध्य प्रदेशातलं, छिंदवाडा भागातलं हे गाव. तिथे शेतांत गारगोटीसारखे कठीण चर्टचे तुकडे पडलेले असतात. दख्खनचा लाव्हा काही एकदम ओतला नाही. एक थर आला, मग बराच काळ शांतता, त्यावर माती झाली, तळी झाली, झाडं उगवली, आणि मग पुढचा थर त्यावर आला. दोन थरांमधल्या त्या तळ्यांत पडलेली लाकडं, फळं, फुलं सिलिकाने भरलेल्या पाण्यात भिजत राहिली आणि पेशी न् पेशी दगडात उतरली. ही ६.६ कोटी वर्षांच्या आसपासची गोष्ट. बाहेरून बघाल तर ओबडधोबड खडा. सेक्शन, म्हणजे अगदी पातळ काप, काढलं की आत सगळं आहे.

सेक्शन काढणं हे माझं हातचं काम होतं, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहितो. आधी हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने पातळ चकती कापायची. तिची एक बाजू काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन घासायची: आधी २२० नंबर, मग ४००, मग ६००. पूड बदलताना चकती आणि हात दोन्ही खळखळून धुवायचे, नाहीतर जाड पुडीचा एक कण सगळ्यावर चरे पाडतो. मग गरम केलेल्या कॅनडा बाल्समने ती गुळगुळीत बाजू स्लाइडला चिकटवायची आणि दुसरी बाजू घासायला घ्यायची, दगडातून उजेड आरपार दिसेपर्यंत. शेवटची दोन मिनिटं श्वास रोखून असतो माणूस, कारण जरा जास्त झालं की स्लाइडवर काहीच उरत नाही. नीट जमलं की मायक्रोस्कोपखाली ताडामाडाच्या खोडातले वाहक पुंजके विखुरलेले दिसतात, आजच्या नारळाच्या खोडात दिसतात तसेच. हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरून दगडाच्या पृष्ठभागाची पील (पातळ पापुद्रा) काढायचीही पद्धत आहे, पण ते आम्ल काच खातं आणि कातडीतून आत हाडापर्यंत जातं. लॅबबाहेर कोणीही त्याच्या वाटेला जाऊ नये.

एनिग्मोकार्पॉन हे फळ इथलंच, साहनींनी १९४३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. आमच्याकडे त्याची एक स्लाइड होती आणि तिच्यावर लेबल अजून आहे, माझ्या स्वतःच्या अक्षरातलं.

आता ठाण्याबद्दल. मी दगड बाळगतो हे कळल्यापासून ओळखीचे लोक पिशवीतून दगड आणतात. ऐरोलीहून एक शाळकरी मुलगा बाबांबरोबर आला, त्याला पारसिकच्या डोंगराखाली ‘फर्नचं फॉसिल’ मिळालं होतं. नाजूक, काळं, फांद्या-फांद्यांचं. ते फर्न नव्हतं. दगडाच्या फटीतून पाणी झिरपताना मॅंगनीजचे ऑक्साइड असे फांद्यांसारखे पसरतात, त्याला डेंड्राइट म्हणतात. मी त्याला भिंग दिलं आणि बघायला सांगितलं: मधली शीर आहे का? पर्णिका एका मापाच्या आहेत का? देठ कुठे सुरू होतो? त्याने बराच वेळ बघून स्वतःच सांगितलं, "आजोबा, हे कुठूनही सुरू होतंय." बरोबर. पान गाळाच्या थराच्या पातळीत झोपलेलं असतं, डेंड्राइट फट जाईल तिकडे जातं. फरशांवरही अशी नक्षी दिसते आणि लोक ती फॉसिल समजतात. तो हिरमुसला, म्हणून त्याला तो दगड नंबर घालून, ‘डेंड्राइट, पारसिक डोंगराचा पायथा’ अशी चिठ्ठी लिहून परत दिला. आता तो आपल्या दगडांना नंबर घालतो असं त्याच्या बाबांनी कळवलं.

पारसिक काय, येऊर काय, मुंब्रा काय, हा सगळा लाव्हाचा काळा कातळ आहे. वितळलेल्या दगडात पान टिकत नाही. खाणींत झिओलाइटचे स्फटिक मिळतील, पानं नाहीत. पान टिकायला गाळ लागतो, आणि हवा लवकर तुटावी लागते. हे बघायचं असेल तर ओहोटीला ठाण्याची खाडी बघा. तिवरांची पानं काळ्या चिखलात पडतात, भरतीबरोबर वर नवा गाळ येतो, खाली प्राणवायू जवळपास नसतोच, आणि पान कुजायचं रेंगाळतं. प्रत्येक पानाचं फॉसिल होत नाही, लाखांतलं एखादं. पण सुरुवात होते ती अशीच. फ्लेमिंगोंसाठी २०१५ मध्ये ही खाडी अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. लोक दुर्बीण घेऊन पक्षी बघतात, मी चिखल बघतो.

लाव्हाच्या दोन थरांमधला गाळ मुंबईतही आहे. वरळीच्या टेकडीतल्या अशाच थरात छोट्या बेडकांची फॉसिलं मिळाली होती. ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, आज तो बेडूक इंडोबॅट्रॅकस म्हणून ओळखला जातो. मुंबई बेटांच्या भूशास्त्रावर १८५२ मध्ये लिहिणारे डॉ. कार्टर यांनी तिथल्या थरांची नोंद करून ठेवली. आज त्या टेकडीवर घरं आहेत. ते थर बघायचे तर कार्टर यांचं लिखाण उघडावं लागतं. लिहिलेलं असतं म्हणूनच एवढं तरी उरतं.

ज्यांना हा नाद लागलाय त्यांच्यासाठी, आमच्या सरांची पद्धत जशी होती तशी. खाण असेल तर खाणीची, शेत असेल तर शेतकऱ्याची परवानगी आधी. घुघुआ, वडधम यांसारख्या फॉसिल पार्कांतून खडाही उचलायचा नाही, तिथे फक्त फोटो. दगड जागेवरच्या थरातून काढला की ओबीच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या) ढिगाऱ्यात पडलेला मिळाला, हे पहिलं लिहायचं, कारण ढिगाऱ्यातला दगड कुठल्या थराचा ते नंतर कोणीच सांगू शकत नाही. जवळचं गाव, तालुका, नाल्याचं किंवा रस्त्याचं नाव. आता मोबाइलवर अक्षांश-रेखांश मिळतात, ते लिहावेत, पण गावाचं नावही हवंच. तारीख, काढणाऱ्याचं नाव. थराच्या खाली काय होतं, वर काय होतं. शेल फुटून पानाचे दोन ठसे निघाले, एकावर उठाव आणि दुसऱ्यावर खोलगट, तर दोन्हींना एकच नंबर, अ आणि ब. हे सगळं जागेवरच, बसून, शिसपेन्सिलीने. शाई पावसात वाहते. गाडीत बसल्यावर लिहू असं म्हणायचं नाही. सर मुलांची बस थांबवून ठेवायचे, पण चिठ्ठी झाल्याशिवाय दगड गोणपाटात जाऊ द्यायचे नाहीत.

हा संग्रह मला कायमचा घरात ठेवायचा नाही. नीट लेबलांसकट एखाद्या विद्यापीठाच्या विभागाकडे किंवा संग्रहालयाकडे द्यायचा आहे, आणि त्यासाठी जितके पत्ते मिळतील तितके मिळवायचे आहेत. म्हणून ही विनंती. १९७० ते १९९० च्या दरम्यान ठाणे-कल्याण भागातल्या कुठल्याही कॉलेजच्या बॉटनीच्या सहलीला तुम्ही नागपूर, उमरेड, छिंदवाडा, जबलपूरकडे गेला असाल, आणि घरी तेव्हाचे फोटो, सहलीचं जर्नल किंवा पाठवलेलं एखादं पत्र असेल, तर जरूर कळवा. जर्नलात सहलीचा मार्ग लिहावा लागायचा, तो मार्ग फार उपयोगाचा आहे. खास करून एका दगडासाठी: तपकिरी, जड, दगड झालेलं लाकूड, वाढीची वलयं स्पष्ट, एका टोकाला पांढऱ्या ठिपक्यावर ‘१४७’. त्याच्या गुंडाळीचा कागद हिंदी वर्तमानपत्राचा आहे, पण नाव आणि तारीख असलेला वरचा भाग फाटून गेला आहे. तो दगड बसमध्ये मांडीवर घेऊन कोणीतरी बसलं असणार.